माटवीचं पपनस

दर गुरुवारी सकाळी विलास तेंडोलकर इस्त्रीचा शर्ट घालून बायकोला भेटायला निघायचा. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. शेजारी विचारायचे, तेव्हा तो "कॉलेजात जरा काम असतं" एवढंच सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं.

काम असं होतं. टेकडीवरच्या वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्राचा एक वेगळा वर्ग भरायचा. पुस्तकात पाठ केलेलं औषध माणसाच्या अंगात गेल्यावर प्रत्यक्षात काय करतं, ते मुलांनी तिथे शिकायचं. त्यासाठी छाया वापरत. एखाद्याला नवं मूत्रपिंड किंवा यकृत बसवलं की त्याची छाया तयार करायची, ही पद्धत आता दहा वर्षं जुनी झाली होती. माणसाची जनुकं, यकृताचा वेग, आतड्याचं अस्तर, झोप, वजन, दर आठवड्याचं रक्त, हे सगळं यंत्रणेत भरलं की आकड्यांचं एक दुसरं शरीर उभं राहतं. डॉक्टर नवा डोस आधी छायेला देतात. माणसाचा उद्याचा दिवस छायेत क्षणात दिसतो. छाया ठीक राहिली, तरच गोळी माणसाच्या तोंडात जाते.

माणूस गेला तरी छाया राहते. हेमलतानं, म्हणजे विलासच्या हेमानं, ती मुलांना शिकायला देण्याच्या कागदावर सही केली होती. सही करताना म्हणाली होती, "जिवंतपणी तुम्ही कधी माझं लक्ष देऊन ऐकलं नाहीत. मेल्यावर चाळीस पोरं वह्या घेऊन बसतील. बघा तुम्ही."

छायेबरोबर वर्गात तिच्या घरचं कुणीतरी बसायचं. मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यानं द्यायची. झोप कशी होती, भूक कशी होती, पाय सुजायचे का. हेमाचा वर्गातला नंबर होता केस सात, आणि केस सातचा घरचा माणूस विलास.

वर्गाची खोली अंधारी होती. मधोमध खाटेएवढं काळ्या काचेचं टेबल. विलास आला की कुणीतरी कळ दाबायचं आणि काचेखाली हळूहळू उजेड फुटायचा. चेहरा नसायचा. निळसर धारा असायच्या, त्या रक्ताच्या. मधे एक उजेड सावकाश फुगायचा आणि ओसरायचा. घागर वर ओढल्यावर विहिरीचं पाणी हलतं आणि मग स्वतःशीच निवत जातं, तसं ते दिसायचं. आणि खाली, पोटात उजव्या बाजूला, मुठीएवढा पिवळा उजेड.

तो विलासचा होता. चार वर्षांपूर्वी त्यानं आपलं एक मूत्रपिंड हेमाला दिलं होतं. पस्तीस वर्षं त्यानं गावोगावचे पाण्याचे पंप दुरुस्त केले होते. डॉक्टर धोके समजावून सांगायला लागले, तेव्हा तो म्हणाला होता, "विहिरीवर दोन मोटारी आहेत हो. एक काढून शेजारी बसवली तर पाणी काय थांबत नाही."

काचेकडे बघताना त्याला वेळेचं भान राहायचं नाही. मुलं निरनिराळे डोस देऊन बघायची. कधी हेमा संध्याकाळपर्यंत टिकायची, कधी पुढच्या आठवड्यापर्यंत. घरी परतताना त्याला वाटायचं, ती अशीच कुठेतरी राहते आहे, पाण्याखालच्या एखाद्या गावात, आणि गुरुवारी त्याला आत सोडतात.

मिस्बाह मुकादम ही पहिल्याच वर्षाला असलेली निवासी डॉक्टर. राजापूरकडची. बारीक, चष्मेवाली, आणि प्रश्न विचारायला लागली की थांबायची नाही. विलासला ती पहिल्या दिवसापासून आवडली होती, कारण ती 'केस सात' म्हणायची नाही, 'काकी' म्हणायची.

"काका, एक सांगून ठेवते," ती एकदा म्हणाली होती. "आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. पण चुकीचं सांगू नका. केस चारच्या मुलानं वडिलांची दारू लपवली होती. नंतर कळलं. घरच्यांनी दिलेली माहिती खोटी निघाली की छाया बंद करतात. नियमच आहे."

"बंद म्हणजे?"

"पुसतात. कायमची."

विलास हसला होता. हेमानं कधी चहात साखरसुद्धा जास्त घातली नव्हती.

त्या गुरुवारी, आश्विनाच्या सुरुवातीला, केळुसकर मॅडमनी हेमाची गोळी शिकवायला घेतली. त्या विभागाच्या प्रमुख. हेमा गेली तेव्हा वॉर्डात त्याच होत्या.

"टॅक्रोलिमस," त्या म्हणाल्या. "नवं मूत्रपिंड शरीराला परकं वाटतं. शरीर त्याच्यावर धावून जातं. ही गोळी शरीराला गुंगीत ठेवते. गोळी कमी पडली तर शरीर जागं होऊन मूत्रपिंड मारतं. जास्त झाली तर ती स्वतःच मूत्रपिंडाला विष होते, हात थरथरतात, आणि साधा खोकलाही जिवावर बेततो. म्हणजे चालायचं आहे बांधावरून. आता सांगा, गिळलेली सगळी गोळी रक्तात जाते का?"

"नाही," कुणीतरी म्हणालं. "आतड्याच्या भिंतीत एक विकर असतं. ते बरीचशी गोळी तिथेच मोडून टाकतं."

"बरोबर. राखणदारच म्हणा त्याला. दारावर बसतो आणि दहातल्या दोघांनाच आत सोडतो. आपण डोस ठरवतो तो राखणदार जागेवर आहे असं धरून. केस सातमध्ये काय झालं? गोळी तीच, वेळ तीच, आणि रक्तातलं औषध चढत गेलं. आम्ही डोस निम्मा केला, तरी उतरेना. शेवटी छायेनं निष्कर्ष काढला की या बाईंचा राखणदारच मंद झालाय. या किनाऱ्यावरच्या आणखी चार बायकांमध्ये असाच फुगवटा दिसला. म्हणून यंत्रणेनं नियम केला. पावसाळा सरताना इथल्या बायकांचा डोस आधीच एक तृतीयांश कमी करायचा."

मिस्बाहनं हात वर केला. "मॅडम, पण राखणदार दर वर्षी ठरलेल्या महिन्यात रजेवर कसा जातो?"

वर्ग हसला. ती हसली नाही. तिनं भिंतीवर हेमाच्या तीन वर्षांच्या रक्ताची रेघ लावली. सपाट रेघ, आणि तीन जागी उंचवटे. पहिल्या वर्षी लहान, दुसऱ्या वर्षी लहान, तिसऱ्या वर्षी डोंगर.

"तिन्ही वेळा गणपतीत सुरू होतं," ती म्हणाली. "मंद झालेला राखणदार पहिल्या दोन वर्षी आठवडाभरात पुन्हा शहाणा कसा झाला? हे शरीराचं नाही वाटत मला. बाहेरून काहीतरी येतंय." मग ती विलासकडे वळली. "काका, तुमच्याकडे गणपतीच्या वर माटवी बांधतात ना? लाकडी चौकट, तिला फळं टांगतात?"

"बांधतात की."

"आमच्या शेजारच्या राऊळकाकू विसर्जनानंतर माटवीवरची फळं आमच्याकडे पाठवायच्या. पपनस असायचंच." ती मुलांकडे वळली. "पपनसाच्या रसात एक पदार्थ असतो. तो राखणदाराला नुसता झोपवत नाही, कायमचा निकामी करतो. आतड्याला नवे राखणदार घडवायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर दार सताड उघडं. रोज खाल्लं तर ते बंदच होत नाही. काका, काकी पपनस खायच्या?"

काचेखाली उजेड फुगला आणि ओसरला.

विलासच्या हातांना आठवलं. आधी हातांनाच. जाड साल सुरीनं चार जागी चिरायची, मग आतला पांढरा कापूस, मग प्रत्येक फोडीवरचा पापुद्रा, तो न फाटता काढायचा. पाऊण तास लागायचा. त्या वर्षी हेमाच्या तोंडाची चव गेली होती. भात लोखंडासारखा लागतो म्हणायची. माटवीवरून उतरलेलं पपनस प्रसाद म्हणून तिच्या हातावर ठेवलं, तर म्हणाली, "अहो, ह्याला चव आहे." परसातलं झाड त्या वर्षी लगडलं होतं. मग रोज एक. दवाखान्यात नेल्यावरसुद्धा, स्टीलच्या डब्यात, सोलून, बिया काढून. डबा रिकामा परत यायचा, तेवढाच त्याला आनंद.

खाण्यात काही वेगळं आहे का, असं तेव्हा विचारलं होतं त्याला. तीनदा विचारलं होतं. "पथ्याचंच," तो म्हणाला होता. प्रसाद म्हणजे काय खाणं नव्हे. पथ्याच्या कागदावर एका परदेशी फळाचं नाव होतं; ते पपनसाच्याच जातीचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते फळ बाजारात कुणी पाहिलेलंही नव्हतं, म्हणून त्यानं त्या ओळीवर खूण करून टाकली होती.

"काका?"

"नाही," विलास म्हणाला. "तिला आंबट सोसत नसे."

मिस्बाहनं मान हलवली आणि वहीत काहीतरी खोडलं.

तो आठवडा विलासनं परसात काढला. ह्या वर्षी दुखवटा म्हणून गणपती धाकट्या भावाकडे बसला होता. पपनसं झाडावरच राहिली होती. ऊन कलायला लागलं की ती पानांतून दिव्यांसारखी दिसायची. वाऱ्याशिवायसुद्धा एखादं पडायचं, धप्प करून. दुपारी त्याचा डोळा लागायचा आणि त्याला हेमा दिसायची, झाडाखाली बसलेली, पदरात फोडी. "अहो, एवढंसंच का? अजून द्या." तो सोलत राहायचा. फळ संपायचं नाही, साल संपायची नाही.

जागा झाला की हिशेब सरळ होता. खरं सांगितलं तर छाया पुसणार. गुरुवार संपणार. आणि हेमाला आपण आपल्या हातानं काय भरवलं, ते चारचौघांत ठरणार. नाही सांगितलं तर कुणाचं काय जातंय? गेलेलं माणूस गेलेलंच आहे.

पुढच्या गुरुवारी तो लवकर पोचला. वर्गाबाहेर, वॉर्डाच्या दाराशी असलेल्या बाकावर एक माणूस बसला होता, मांडीवर पेजेचा डबा. सदऱ्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या, खिशात फूटपट्टी. सुतार.

"तुमचापण कोण आत आसा?" त्यानं विचारलं.

"बायको," विलास म्हणाला.

"माझीपण. सुरेखा. मी बापू मेस्त्री, आचऱ्याकडचो. तीन वर्सां झाली नवी किडनी बसवून, कायएक त्रास नाय. गेल्या म्हयन्यात त्या छायेन डोस कमी केल्यान. म्हणता, तुमच्या बाजूच्या बायकांचा शरीर हळू चलता." तो कडवट हसला. "मी म्हटलंय, ती काय बैलगाडी आसा? चार माणसांचा काम एकटी करता. आता किडनी बंद पडाक लागली. डॉक्टर म्हणतत, शरीर उलाटला."

विलास पुढे झुकला. "पपनस खातात त्या?"

"पपनस? तिका वास सोसना नाय. माटवीचा पण ती शेजारी वाटून टाकता. कित्याक?"

विलास उठला. मनात एवढंच आलं, की पस्तीस वर्षांत आपण एकाही घरी बिघडलेला पंप बरा आहे म्हणून सांगून परतलो नाही.

वर्ग भरला होता. कळ दाबली होती. हेमाचा उजेड नुकताच फुटत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तोंड उघडलं नसतं.

"मिस्बाह," तो म्हणाला, "मागच्या गुरुवारी मी खोटं सांगितलं. ती पपनस खायची. रोज एक. मी सोलून द्यायचो. इथे वॉर्डातसुद्धा, डब्यातून. पहिली दोन वर्षं प्रसादापुरतं, शेवटच्या वर्षी दोन महिने. लिहून घे. आणि बाहेर सुरेखा मेस्त्रीचा नवरा बसलाय. ती पपनसाला शिवत नाही. तिचा डोस कमी करायचं काही कारणच नव्हतं. ते आधी बघा."

मग केळुसकर मॅडम फोनकडे गेल्या आणि वॉर्डात बोलल्या, तुटक, भराभर. मात्रा, वेळ, नाव. "हो, आत्ता. यंत्रणा काय म्हणते ते सोडा, मी सांगते म्हणून लिहा."

फोन ठेवून त्या विलाससमोरच्या स्टुलावर बसल्या.

"वर्षभर मी मनात तेच घोळवतेय," त्या म्हणाल्या. "डोस आणखी चार दिवस आधी कमी केला असता तर. डबा रोज माझ्यासमोरून जायचा, तेंडोलकर. मी एकदाही झाकण उघडून बघितलं नाही."

"मीच मारलं ना तिला?"

त्यांनी स्टूल जवळ ओढलं.

"फळानं औषध वाढलं, औषधानं मूत्रपिंड बिघडलं, त्यात फुप्फुसाला संसर्ग झाला," त्या म्हणाल्या. "हे खरं आहे, ते मी बदलून सांगणार नाही. पण तिला जे गोड लागत होतं ते तुम्ही दिलंत, आणि विचारायचं कसं ते आम्हाला आलं नाही. हेही तितकंच खरं आहे."

नियमाप्रमाणे छाया बंद करायची होती. पण त्याआधी यंत्रणेला खरं शिकवायला हवं होतं. म्हणून मिस्बाहनं हेमाला मूत्रपिंड बसवलं त्या दिवसापर्यंत मागे नेलं आणि एका सेकंदाला एक दिवस अशा वेगानं सोडलं. पहिल्यांदा पपनसासकट. दोन लहान उंचवटे, मग डोंगर. दिवाळीनंतरच्या सहाव्या दिवशी पिवळा उजेड आधी गेला, मग निळा. तारीख तीच. राखणदाराला मंद म्हणायची गरजच पडली नाही.

"आता पपनसाशिवाय," मिस्बाह म्हणाली. "काका, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल."

"नको."

रेघ सपाट चालत राहिली. भाद्रपद गेला, आश्विन गेला. दिवाळी आली. पाचवा दिवस. सहावा. विलासनं टेबलाची कड धरली. सातवा. काचेखाली पाणी हलत होतं. संक्रांत गेली, शिमगा गेला. त्याला वाटलं, आपण होडीत बसलोय आणि काठावरून आपलंच गाव सरकतंय, दारात हेमा उभी आहे, मागून चुलीचा धूर. ह्या उन्हाळ्यात तिनं आंब्याची साठं घातली असती. ह्या पावसात तिनं भावजयीशी भांडण काढलं असतं आणि चार दिवसांनी मिटवलं असतं. पिवळा उजेड शांतपणे आपलं काम करत होता. चांगला पंप चालताना आवाज करत नाही, तसा.

मिस्बाहनं वेग कमी केला. उजेड आता खऱ्या वेळेत फुगत होता, विलासच्या श्वासाबरोबर.

"आजची तारीख लागली," ती हळूच म्हणाली. "पुढे नेऊ?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. पुढे नेता आलं असतं. दहा वर्षं, पंधरा वर्षं, दुपारपर्यंत सगळी बघून झाली असती.

"नको," विलास म्हणाला. "पुढचं मलाही ठाऊक नाही. तिला एकटीला कशाला पाठवू?"

केळुसकर मॅडमनी कळेकडे हात नेला.

"किती वाजले?" त्यानं विचारलं.

"आठ पंचेचाळीस."

"नऊला गोळी असते तिची. तिनं कधी चुकवली नाही. तेवढी देऊन मग बंद करा."

कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. चाळीस मुलं अंधारात उभी राहिली. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. मिस्बाह येऊन विलासच्या शेजारी बसली. पंधरा मिनिटं तिघांनी, त्यानं, तिनं आणि हेमानं, श्वास घेतला. नऊ वाजता मिस्बाहनं ठरलेली मात्रा लिहिली, पूर्ण, कमी न करता. निळ्या धारेत एक बारीक कण चमकला, दारापाशी थांबला, आणि राखणदारानं त्याला ओळखून आत सोडलं.

मग काच काळी झाली.

पुढच्या भाद्रपदात गणपती पुन्हा विलासच्या घरी बसला. मिस्बाह राजापूरहून येताना माटवीला टांगायला चिबूड घेऊन आली. बापू आणि सुरेखा मेस्त्रीही आली होती. सुरेखाची किडनी अर्धीअधिक सावरली होती, आणि जीभ तर पूर्णच. टेकडीवर आता नव्या रुग्णाला खाण्याबद्दल विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारत. प्रसादात काय काय घेता?

विसर्जनानंतर माटवी उतरली. विलास पाटावर बसून पपनस सोलायला लागला. बायका ओळीनं हात पुढे करत होत्या. तो फोड उचलायचा आणि हातात ठेवण्याआधी थांबायचा.

"गोळी कुठली चालू आहे?"

"अगो बाई, भावोजी डॉक्टर झाले!"

"रक्तदाबाची की कोलेस्टेरॉलची? नाव सांग, नाहीतर डबी दाखव."

"गणपतीच्या प्रसादाला चिठ्ठी लागते वाटतं आता!"

"लागते," तो म्हणाला. मिस्बाहकडे बघून तो नाव सांगायचा, ती मान हलवायची, हो किंवा नाही. नाहीवाल्यांना केळं. सुरेखानं आपलं केळं स्वतःच उचललं. "ह्या फळाच्या नावानं आंघोळ केलीय मी," ती म्हणाली.

सगळे पांगल्यावर पाटावर एक फोड उरली. पापुद्रा न फाटता निघालेली, गुलाबी. मिस्बाहनं ती त्याच्यापुढे सरकवली.

"काका, तुम्हाला कुठली गोळी चालू आहे?"

त्यानं थोडा विचार केला, खरं सांगायचं म्हणून.

"कुठलीच नाही," तो म्हणाला, आणि हेमा गेल्यापासून पहिल्यांदा पपनस तोंडात घातलं.

हेमा म्हणाली होती तसं होतं. चव होती त्याला.